पाध्येसरांच्या नळाची तक्रार

माझं लग्न ठरलं म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी तोंडात टाकले, काहींनी दुसऱ्यांदा हात पुढे केला, आणि पाध्येसरांनी पेढा चिमटीत धरून मला विचारलं, "कुठून कुठं?"

"म्हणजे, सर?"

"गेल्या आठवड्यापर्यंत तुझं 'बघताहेत' होतं. आज एकदम 'ठरलं'. मधे काय झालं?"

मी सांगितलं, की मुलगा नागपूरला आमच्या घरी येऊन गेला, माझा फोटो पाहिला, पत्रिका जुळली, आता याद्या व्हायच्या आहेत. पाध्येसर एकेका गोष्टीला मान हलवत गेले.

"मुलाची पसंती दिसली. त्याच्या आईची दिसली. तुझ्या वडिलांची दिसली. तुझी कुठंय?"

आणि पेढा त्यांनी एका कोऱ्या कागदावर ठेवून दिला. "राहू दे. ती पायरी झाली की खाईन."

मला असा संताप आला की काय सांगू. पण संध्याकाळी खोलीवर येऊन विचार करते तर काय, खरंच मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा मला विचारलं नव्हतं. मग मी बाबांना फोन लावला आणि ते लग्न 'ठरलं'वरून पुन्हा 'बघताहेत'वर आलं. घरचे पुढे बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पेढ्याला मुंग्या लागल्या. तर असे हे पाध्येसर.

मुकुंद पाध्ये मूळचे मिरजेचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या घेत घेत चंदीगडला येऊन पडलेले. इंटरनेट नवं नवं होतं आणि सरकारला सगळं ऑनलाइन करायची हौस आली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमचा एक छोटासा संगणक कक्ष होता. सरकारी क्वार्टरांमधल्या दुरुस्तीच्या तक्रारी लोकांनी घरबसल्या कॉम्प्युटरवर नोंदवाव्यात, अशी वेबसाइट आम्ही बनवत होतो. गीझर बंद आहे, छत गळतंय, संडासाची टाकी तुंबली, असलं सगळं. पाध्येसर प्रमुख आणि मी कॉन्ट्रॅक्टवरची प्रोग्रॅमर. आमच्या डोक्यावर बत्रासाहेब नावाचे अधिकारी होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं फक्त बंद करायचं बटण माहीत होतं.

आता तक्रार म्हटली की ती नोंदली जाते आणि कधीतरी मिटते, एवढंच तुम्हाआम्हाला ठाऊक. पाध्येसरांनी तिला पायऱ्या पाडल्या. आधी 'नोंदली', मग 'पाहणी झाली', मग 'काम सुरू', मग 'काम झालं', मग 'तक्रारदाराचा होकार', आणि तेव्हा कुठे 'बंद'. पडद्यावर हे इंग्रजीत दिसायचं, पण सर मराठीतच बोलायचे. कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर जाता येतं हे त्यांनी प्रोग्रॅममधे पक्कं बांधून टाकलं होतं. मधली पायरी गाळून उडी मारायला गेलात की लाल अक्षरांत नकार यायचा. बरं, हा नियम त्यांनी वरवर, पडद्यावरच्या पानाला लावला नव्हता. आत, जिथे माहिती साठते त्या मॉडेललाच लावला होता. का, तर म्हणे, "पुढच्या दाराला कडी घालून काय उपयोग? माणूस मागच्या दारानं येतो."

माणूस म्हणजे बाजवाजी. हे दुरुस्ती विभागाचे ज्युनियर इंजिनियर. उंचपुरे, हसरे, आणि शक्यतो खुर्चीतून न उठणारे. जुन्या काळात तक्रारीच्या कागदावर 'अटेंडेड' असं लिहिलं की विषय संपायचा. नव्या काळात त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या तक्रारी 'नोंदली'वरून थेट 'बंद'वर टाकायला घेतल्या. पडद्यावर उमटलं: "श्रीमान, आप वहाँ गए ही नहीं हैं। पहले जाइए।"

बाजवाजी कॉम्प्युटर सोडून टेबलाखाली बघायला लागले. मग आमच्याकडे आले. "पाध्येजी, इसको कैसे पता कि मैं गया नहीं?"

"आप गए थे?"

"नहीं जी, पर इसको कैसे पता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी युक्ती काढली. चहाचा ग्लास एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं टपाटप बटणं दाबली. पाहणी झाली, काम सुरू, काम झालं. सरांनी नवा नियम घातला, की पाहणी आणि काम एकाच दमात होऊ शकत नाही, मधे वेळ गेलाच पाहिजे. तेव्हा बाजवाजी वेळ घालवून बटणं दाबायला लागले. मग सरांनी ती होकाराची पायरी आणली. ज्यानं तक्रार केली, त्यानंच स्वतः आत येऊन 'हो, मी पाहिलं, काम झालं' म्हणायचं. दुसऱ्या कुणाला ते बटण दिसायचंच नाही.

"ये कंप्यूटर है या मेरी सास?" बाजवाजी म्हणाले आणि टूलबॅग घेऊन पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी गेले.

सरांचं हे वेड ऑफिसपुरतं असतं तर मी कशाला लिहिलं असतं? ते चोवीस तास तसेच. थंडीत स्वेटर ट्रंकेतून थेट अंगावर येत नसे, आधी त्याला ऊन दाखवायचं. फोनवर "आलोच" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "निघालास का? मग 'निघालो' म्हण." चंदीगड त्यांना आवडायचं ते इथल्या बागांसाठी नाही, मोठमोठ्या गोल चौकांसाठी. "कितीही मोठा माणूस असू दे," सुखना लेककडे जाताना स्कूटरवरून मागे वळून ते मला सांगायचे, "एका सेक्टरातून दुसऱ्यात सरळ घुसता येत नाही. चौकाला वळसा घालावाच लागतो." मी म्हणायची, सर, पुढे बघा.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी कमाल केली. विसर्जनाला घग्गर नदीवर न्यायचा टेम्पो दारात उभा, मूर्ती उचललेली, दवाखान्यातले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक सगळे 'मोरया' करून घसा बसवून घेतलेले, पोरं हिंदीत भांडताहेत की पुढे कोण बसणार. आणि पाध्येसर टेम्पोपुढे आडवे. "कुठून कुठं? उत्तरपूजा झाली का? विराजमानवरून एकदम विसर्जन होत नाही."

लोक वैतागले. गुरुजी मात्र कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, खरंच राहिली की." मूर्ती पुन्हा आत गेली. माणूस बरोबर असतो आणि तरी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, तसलं हे प्रकरण होतं.

हा धपाटा घालायचा पहिला हक्क त्यांच्या बायकोचा, सुनंदाकाकूंचा. काकू मिरजेला शाळेत गणित शिकवायच्या. सरांच्या बदल्या सुरू झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि गावोगाव संसार मांडला. सरांपेक्षा पंजाबी त्यांनाच लवकर आलं. सेक्टर बावीसच्या भाजीवाल्याला त्या "वे वीरा" म्हणून असं काही झापायच्या की तो कोथिंबीर फुकट टाकायचा. मला दर रविवारी पोहे त्यांच्याकडेच.

त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. आमची वेबसाइट सुरू झाली तेव्हा पहिल्यापहिल्या तक्रारींमधे काकूंची तक्रार होती. सरांनीच हौसेनं त्यांना नाव-पासवर्ड देऊन ती नोंदवायला लावली. आणि बाजवाजी तेव्हा अजून चहाचा ग्लास सोडून उठायला लागले नव्हते.

एका रविवारी मी पोहे खात होते. मागे टप, टप, टप चाललेलं. काकू म्हणाल्या, "अहो, बाजारातून एक वॉशर आणा. किती वेळाचं काम आहे ते?"

"असं कसं? तक्रार सिस्टीममधे आहे. बाहेरून दुरुस्त केला तर ती 'नोंदली'वरच राहील. पुढं कशी न्यायची?"

काकूंनी कालथा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट होतं.

"ती तक्रार आणि मी, दोघी तुमच्याकडं 'नोंदली'वरच अडकलोय. लग्न झाल्यापासून मी बघतेय. पाहणीला काही कुणी आलं नाही."

मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत मान खाली घातली. दोन-चार दिवसांनी काकूंनी सूटकेस काढली तेव्हा म्हणे या भल्या माणसानं दारात उभं राहून विचारलं, "कुठून कुठं?"

"चंदीगडहून मिरजेला," काकू म्हणाल्या आणि भावाकडे निघून गेल्या.

बाजवाजींना हे कळलं आणि ते खरोखर हादरले. "भाभीजी नल की वजह से चली गईं?" स्वतः प्लंबरला घेऊन आले, पाहणी केली, नवा पितळी वॉशर टाकला. सरांनी त्यांना एकेक पायरी रीतसर चढायला लावली. नळ कोरडा ठणठणीत झाला आणि तक्रार शेवटच्या पायरीपाशी येऊन थांबली: होकार बाकी. कारण तक्रारदार मिरजेत.

तशी ती कितीही दिवस राहिली असती, पण बत्रासाहेबांनी एक दिवस सगळ्यांना उभं केलं. सेक्टर एकमधून सेक्रेटरीसाहेब स्वतः आमची वेबसाइट बघायला येणार होते. "पेंडिंग ज़ीरो चाहिए. ज़ीरो मतलब ज़ीरो. एक भी दिखी तो प्रोजेक्ट गया, और कॉन्ट्रैक्ट वाले अपने-अपने घर." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. त्या सगळ्या क्वार्टरांमधे एकच तक्रार शिल्लक होती, आणि ती आमच्याच पाध्येसरांच्या घरची.

"पाध्येजी, बंद करो इसे."

"तक्रारदाराचा होकार आला नाही, सर," हे त्यांनी हिंदीत सांगितलं.

"तक्रारदार आपकी वाइफ है!"

"इसीलिए तो पूछना पड़ेगा."

बत्रासाहेबांनी मग मला केबिनमधे बोलावून मागच्या दारानं जायला सांगितलं. मी गेले. माझी नोकरी होती बाप्पा, मी काय करू? थेट आत शिरून त्या तक्रारीपुढे 'बंद' लिहायला घेतलं. लाल अक्षरं उमटली. पण या वेळी हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. "तक्रारदाराला विचारलंस का?" त्या ऑफिसात सरांखेरीज मराठी वाचणारी मी एकटीच होते.

मी तरातरा खाली गेले. ऑफिसमागच्या रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर, सर कुलचे-छोले खात उभे होते. काकू गेल्यापासून त्यांचं दुपारचं जेवण तेच होतं, आणि रात्रीचंही बहुतेक तेच असावं, कारण पँट पट्ट्यावर नुसती लटकत होती.

"सर, काकूंचा पासवर्ड तुम्हालाच माहीत असेल."

"मीच ठेवलाय."

"मग तुम्हीच त्यांच्या नावानं हो म्हणून टाका ना. माझी नोकरी जाईल."

ते बराच वेळ कुलच्याचा तुकडा छोल्यांत फिरवत राहिले. "रोहिणी, तिच्या नावानं मी आजवर हो-हो म्हणतच आलो की. बदली आली, मी हो म्हटलं. तिनं शाळा सोडायचं ठरलं, तेही मीच ठरवलं. तिला विचारायची पायरी कधी घातलीच नाही. बाकी सगळीकडं घातली." मग तुकडा तसाच ठेवून म्हणाले, "आणि दुसरं असं, की ही तक्रार बंद केली तर तिला इकडं यायचं कारण काय उरलं? तिचं इथलं तेवढंच एक काम बाकी आहे."

इतके दिवस मी या माणसाला नियमांचा भोक्ता समजत होते आणि हा आपला बायकोची वाट बघत उभा.

"फोन का करत नाही मग?"

"फोनवर काय बोलू? मला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

मग मीच केला. काकूंना सगळं सांगितलं. सेक्रेटरी, बत्रासाहेब, माझी नोकरी, आणि कुलचे-छोले. कुलचे-छोल्यांपाशी त्यांनी मला मधेच तोडलं.

"नळ नीट झालाय म्हणतेस?"

"हो काकू. तिथल्या कुठल्या सायबर कॅफेत जाऊन तुम्ही नुसतं एक बटण दाबलं तरी..."

"मी पाहिलाय का तो?"

"नाही, पण सर म्हणतात..."

"त्यांनी पाहिलाय. मी नाही. न पाहता हो म्हणायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"सरांचा."

"मग यावं लागेल," काकू त्रासल्यासारख्या म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "थंडी कितपत आहे गं तिकडं? त्यांनी स्वेटरांना ऊन दाखवलं का?"

स्टेशनवर मी सरांबरोबर गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडी यायच्या कितीतरी आधीपासून ते प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. काकू उतरल्या, सूटकेस सरांच्या हातात दिली आणि हमालांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नळ पाहायला आलेय. नीट असला की होकार देऊन परत." सरांनी नुसती मान डोलावली. कुठून कुठं, हे विचारलं नाही.

काकूंनी घरी पोचल्यावर पदर खोचून नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. एक थेंब नाही. बत्रासाहेबांचा फोन आलेलाच होता. मी काकूंकडे आशेनं बघत होते.

"वापरून बघते थोडे दिवस," काकू म्हणाल्या. "एकदा बघून काय कळतं?"

झालं, माझी नोकरी गेली असं धरून मी खोलीवर सामानसुद्धा आवरायला काढलं. सेक्रेटरीसाहेब आले. पडद्यावर ठळक अक्षरांत दिसत होतं: पेंडिंग एक. बत्रासाहेबांच्या कपाळावर भर थंडीत घाम. सेक्रेटरीसाहेबांनी त्या आकड्याकडे बघून विचारलं, "ये एक क्या है?"

"सर, तक्रारदार अजून बघतायत," पाध्येसर घाबरून चक्क मराठीत बोलले.

बत्रासाहेब मधेच उडी मारून म्हणाले, "सर, ट्रांसपेरेंसी के लिए रखी है!"

"गुड," साहेब म्हणाले आणि पनीर पकोड्यांकडे वळले. पकोड्यांना त्यांनी आमच्या वेबसाइटपेक्षा जास्त वेळ दिला. एवढ्यासाठी आम्ही सगळे मेलो होतो. मी रूमवर जाऊन सामान परत लावलं.

त्यानंतर लवकरच काकूंचा नळ पुन्हा गळायला लागला. काकूंनी तक्रार पुन्हा उघडली. तशी पायरी सरांनी आधीच ठेवली होती. बाजवाजी आले, वॉशर बदलला, नळ थांबला. काकू म्हणाल्या, वापरून बघते. परत गळला. बाजवाजी परत आले. आता ते शपथा घ्यायला लागले होते. "भाभीजी, पूरे चंडीगढ़ में एक यही नल है जो मेरी इज़्ज़त ले रहा है. इसमें भूत है." हा खेळ थंडीभर चालला. परतीचं तिकीट मात्र कुणी काढलं नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ घ्यायला गेले. सर बाहेर गॅलरीत स्वेटरांना ऊन दाखवत होते. मी काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. नळ गळत होता, पण आवाज येत नव्हता. काकूंनी खाली पातेलं ठेवून त्यात एक फडक्याची घडी टाकली होती. खिडकीत, पिठाच्या डब्याच्या आड, एक पाना ठेवलेला दिसला. तो चांगला वापरातला होता.

मी पान्याकडे बघितलं आणि काकूंकडे बघितलं.

"मी देवापाशी बसले की येतात," काकू हळूच म्हणाल्या. "वॉशर सैल करून जातात. त्यांना वाटतं मला कळत नाही."

मला क्षणभर विश्वासच बसेना. पाध्येसर? 'काम झालं'वरून असे चोरून मागे?

"मग तुम्ही बोलत का नाही, काकू?"

"बोलले तर नळ नीट होईल ना गं. मग मला होकार देऊन जावं लागेल." त्यांनी माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "सध्या रोज विचारतात मला. भाजी काय करायची, उन्हाळ्यात मिरजेला जायचं का, एवढंच नाही तर, इथल्या शाळेत शिकवायला जाशील का. एकेक पायरी चाललीय. घाई कशाला करू?"

तेवढ्यात सर उन्हातले स्वेटर हातावर घेऊन आत आले. मला बघून जरा चपापले. मग घसा खाकरून, खूप गंभीर चेहरा करून म्हणाले, "अजून गळतोय वाटतं. बाजवाला सांगायला हवं."

नळाकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.

"सांगा की सावकाश," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला उबदार स्वेटर घेऊन अंगात घातला.